एकावर एक

आमच्या न्हावऱ्यात जागेची टंचाई आहे, हा शोध मला गेल्या मे महिन्यात लागला. तोवर इथल्या बाकीच्या सगळ्या टंचाया मी पाहिल्या होत्या. पाण्याची पाहिली, विजेची पाहिली, ऊसतोडीच्या मोसमात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपुढे रस्त्याची पाहिली, आणि अलीकडे लग्नाच्या मुलींचीही पाहतो आहे. पण जागेची? उत्तरेला घोड, दक्षिणेला भीमा, मधे नजर पोचेल तिथवर शिवार. शिरूरहून चौफुल्याकडे निघालेल्या एस.टी.त खिडकीशी बसून पाहा. न्हावरे येईपर्यंत ऊस दिसेल, बाभळी दिसतील, म्हशी दिसतील, मोकळ्या जागेत मोकळे बसलेले लोक दिसतील. एकावर एक रचलेलं काही दिसलंच, तर ती कडब्याची गंजी असेल.

आणि अशा गावात एके संध्याकाळी ही माझ्यापुढे चहाचा कप ठेवत म्हणाली, "अहो, मुलांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. आपण बंक बेड घेऊ या."

संसारात "घेऊ या" याचा अर्थ "घ्यायचं ठरलंय, पैशाचं तुम्ही बघा" असा असतो, हे विवाहित वाचकांना वेगळं सांगायला नको. अविवाहितांना कळेल यथावकाश.

बंक बेड म्हणजे काय, हे आमच्या आईला समजावून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी शिक्षक असल्यामुळे घरात जे कोणालाच समजावता येत नाही ते माझ्याकडे येतं. मी म्हटलं, "एका पलंगाच्या डोक्यावर दुसरा पलंग. चढायला शिडी."

"म्हंजे दोन मजली बाज," आई म्हणाली. "आन् वरचं पोर खाली पडलं म्हंजे?"

"कठडा असतो ना आई."

"कठडा गच्चीला असतो. बाजेला कठडा लागाय लागला तर ती बाज न्हवं, माळा झाला. माळ्यावर आम्ही पाखरं राखायला बसायचो. झोपलं की बोलणी बसायची."

या खटल्यात आईने एकच साक्ष दिली, पण ती शेवटपर्यंत कोणाला मोडता आली नाही.

हे खूळ आलं वाघोलीहून. माझी मेव्हणी तिथे आठव्या मजल्यावर राहते. बिल्डरने नकाशात 'चिल्ड्रन्स बेडरूम' म्हणून जे दाखवलं आहे, त्यात दोन पलंग टाकले तर दार उघडत नाही. दार उघडायचं म्हटलं तर एक पलंग बाहेर काढावा लागतो. तिथे बंक बेड ही चैन नव्हे, गरज आहे, आणि माझी त्याबद्दल अजिबात तक्रार नाही. मुंबईच्या बी.डी.डी. चाळी १९२०च्या दशकात बांधल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यात आईबाप, मुलं, गावाहून आलेला चुलता आणि त्याची ट्रंक अशी सगळी मंडळी मावत. गिरणगावात तर गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपायच्याही पाळ्या असत. एक उठून कामावर गेला की त्याच्याच ऊबदार वळकटीवर दुसरा आडवा. त्या माणसांनी बंक बेड मागितला असता तर मी स्वतः खांद्यावर वाहून नेला असता. पण आमचं घर पाच गुंठ्यांत आहे. परसात लिंब आहे, गोठ्याची जागा आहे, आणि गाय विकून चार वर्षं झाली तरी गोठ्याची जागा गोठ्यासाठीच राखीव आहे.

असो. रविवारी आम्ही पुणे-नगर रस्त्यावरच्या एका फर्निचरच्या दुकानात गेलो. (नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या जिभेला अजून जुना रस्ताच पाठ आहे.) दारातच एका तरुणाने आमचा ताबा घेतला. तो मला 'सर' म्हणत होता, हिला 'मॅडम' म्हणत होता आणि किमतीला 'फक्त' म्हणत होता.

दुकानात बंक बेडच्या इतक्या जाती होत्या की मला शिरूरच्या बैलबाजारात आल्यासारखं वाटलं. लोखंडी पाइपचा होता. स्वस्त आणि सुटसुटीत, पण वरच्याने कूस बदलली की खालच्याला रडकं गाणं ऐकायला मिळत होतं. भुशाच्या फळीचा होता. दिसायला सगळ्यांत देखणा, पण त्याचा स्क्रू एकदा काढून पुन्हा बसवला की पकड म्हणून घेत नाही. आमच्या शाळेतल्या शिस्तीचंही असंच आहे. मुलींसाठी गुलाबी होता, मुलांसाठी मोटारगाडीच्या आकाराचा निळा होता. एकाला चक्क घसरगुंडी होती. शिडीने चढून झोपायचं आणि सकाळी घसरत येऊन दात घासायचे.

"सर, हा घ्या. प्लायवूड. सेव्हन-टेन."

सातशे दहा हा मरीन प्लायचा मानक क्रमांक. म्हणजे पाण्यात भिजलं तरी टिकणारं लाकूड. घरच्या साध्या फर्निचरला तीनशे तीन नंबरचं चालतं. आमचा धाकटा पाच वर्षांचा आहे आणि अधूनमधून अंथरूण ओलं करतो, ही घरातली बातमी या माणसापर्यंत कशी पोचली, याचा मी विचार करत राहिलो.

मग मी खिशातून टेप काढली. ही लगेच दोन पावलं मागे सरून दुसऱ्याच्याच घरातल्या कपाटाकडे बघायला लागली. टेप काढणाऱ्या माणसाबरोबर आपण आलेलो नाही, असं दाखवायची तिची ही जुनी पद्धत.

पण टेप काढायलाच हवी होती. मी वाचून गेलो होतो. अमेरिकेत बंक बेडसाठी २००० सालापासून सरकारी नियमच लागू आहेत. वरच्या पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. भिंतीच्या बाजूनेसुद्धा, आणि तो सलग हवा, कारण झोपेतलं मूल भिंत आणि पलंग यांच्या फटीतही घसरतं आणि अडकतं. कठड्याची वरची कड गादीच्या वर किमान ५ इंच हवी. मधल्या फटी साडेतीन इंचांचा ठोकळा आरपार जाऊ नये इतक्या बारीक हव्यात. आणि सहा वर्षांखालचं मूल वर झोपवू नये, असं पलंगावरच छापावं लागतं. आता अमेरिकेचं सगळंच आपण घेतो. पिझ्झा घेतो, जीन घेतो, मुलांना इंग्रजीतून रागावणं घेतो. कठड्याचे ५ इंच तेवढे तिकडेच राहतात.

मी मोजलं. भिंतीकडे कठडा नव्हता. "भिंत आहे ना सर!" पुढचा कठडा फळीपासून ११ इंच होता. उत्तम. मग मी विचारलं, "गादी किती जाडीची?"

"आठ इंची, सर. आणि ती फ्री आहे!"

अकरातून आठ गेले, राहिले तीन. म्हणजे पलंग विकत, गादी फुकट आणि पडायची सोय त्या दोघांच्या मधे. मी हे त्याला सांगितलं. तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "सर, चार वर्षं हा पीस इथे आहे. एकदाही कोणी पडलेलं नाही."

"इथे झोपतं कोण?" मी विचारलं. त्याने या प्रश्नाची अपेक्षा केली नव्हती.

तेवढ्यात धाकटा शिडीवरून वर पोचला होता आणि गड सर केल्याची आरोळी ठोकून बुटांसकट नाचत होता. आमची मोठी खाली उभी राहून वर छताकडे बघत होती. ती यंदा सातवीत आहे. घरी आल्यावर तिने वहीच्या मागच्या पानावर मला हिशेब करून दाखवला. स्लॅब १० फुटांवर. पंख्याची पाती त्याच्या सव्वा फूट खाली, म्हणजे पावणेनऊ फुटांवर. वरच्या पलंगाची गादी सव्वापाच फुटांवर. ती स्वतः ४ फूट ८ इंच. "बाबा, मी अंथरुणावर उभी राहिले तर डोकं जवळजवळ दहा फुटांवर. पंखा त्याच्या आधी येतो."

गणित सातवीचं होतं. शिक्षक असूनही मला ते सुचलं नव्हतं. ज्या परदेशी घरांच्या फोटोंवरून हे पलंग आपल्याकडे आले, त्या फोटोंत छताला पंखा नसतो. आपल्याकडे छत असतं ते पंखा टांगण्यासाठीच. त्यात आमच्याकडचा एप्रिल-मे! दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत असतो, आणि वरच्या माणसाने त्याच्यापासून हातभर अंतरावर तोंड करून झोपायचं. वीज गेली की भाजलेलं वांगं. बरं, मच्छरदाणी बांधावी तर खालच्याला आढं नाही आणि वरच्याला खांब नाहीत. आणि वरच्या गादीवर रोज चादर कोण घालणार? ज्याने कधी वरच्या बंकची चादर खोचली आहे, त्याने कसरतीला वेगळी फी भरू नये. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर मध्यरात्री पट्ट्या ठेवायच्या म्हणजे आईने शिडीवर उभं राहायचं. हा प्रसंग कुठल्याही जाहिरातीत दाखवत नाहीत.

मला विचाराल तर माणसं एकावर एक रचायची वेळ कुठे येते, हे आधी बघावं. जहाजात येते, पाणबुडीत येते, लष्कराच्या बराकीत येते, वसतिगृहात येते, आणि केडगावला किंवा दौंडला गाडीत चढल्यावर येते. रेल्वेचा मधला बर्थ ही तर राष्ट्रीय शिक्षाच आहे. रात्री दहाच्या आत उघडायचा नाही, सकाळी सहानंतर पाडून ठेवायचा. पण या सगळ्या ठिकाणी माणूस कुठेतरी निघालेला तरी असतो. सकाळी खाली उतरलं की स्टेशन येतं, बंदर येतं, नाहीतर सुट्टी लागते. मुलांच्या खोलीत सकाळी शिडीवरून उतरलं की तीच दहा बाय दहाची खोली.

इथे हिने मला अडवलं. "भाषण पुरे. खोलीत जागा नाही, हे खरं की खोटं?"

खरं होतं. खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन दप्तरं, एक क्रिकेटचं सामान, एक मोडकी सायकल आणि मधे मुलं. मी म्हटलं, आमच्या वेळी आम्ही चार भाऊ एका सतरंजीवर ओळीने झोपायचो. उन्हाळ्यात माळवदावर. कोणाचा पाय कोणाच्या तोंडात, कोणाची वाकळ कोणाच्या अंगावर...

"आणि वन्सं?" हिने विचारलं.

मी थांबलो. त्या ओळीत आमची बहीण नव्हती. ती स्वयंपाकघरात आईजवळ झोपायची, चुलीच्या अंगाला. सगळ्यांच्या शेवटी आडवी व्हायची आणि सगळ्यांच्या आधी तिचं अंथरूण गुंडाळलेलं असायचं. माळवदावरच्या चांदण्यांबद्दल मी पोरांना पुष्कळ गोष्टी सांगितल्या आहेत. त्या चांदण्या बहिणीने पाहिल्या की नाही, मला माहीत नाही. तिची अशी जागा त्या घरात कुठे होती, हा प्रश्न मला पंचेचाळिसाव्या वर्षी पडला, तोही बायकोने पाडला तेव्हा.

रात्री मी मोठीला विचारलं, "पंख्याचा हिशेब तूच केलास ना? मग तरी तुला वरचाच पलंग का हवा?"

ती वहीत बघत म्हणाली, "वर कोणाला दिसत नाही."

पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. ती शाळेचे कपडे न्हाणीघरात बदलते, गणवेश नळाला अडकवून. तिची रोजनिशी हिच्या शिलाई मशीनच्या खणात असते, कारण खोलीतल्या प्रत्येक खणाची किल्ली धाकट्याचं कुतूहल ही आहे. तिला पलंग नको होता. चार फुटांची का होईना, उंची हवी होती. आणि आम्ही ती तिला ईएमआयवर द्यायला निघालो होतो.

आता मुद्द्याचं सांगतो, म्हणजे माझ्याविरुद्धचं. आमच्या घरात आणखी एक खोली आहे. बारा बाय चौदा. लिंबाकडे खिडकी, जोडून न्हाणीघर, दाराला आतून कडी, घरातला एकुलता एक ए.सी. ही 'गेस्ट रूम'. आठ वर्षांपूर्वी घर बांधताना नकाशात ती मी हट्टाने घालून घेतली. गावातल्या प्रत्येक नव्या बंगल्याला ती असते. न्हावऱ्यात कारखाना आला, रांजणगावला एम.आय.डी.सी. आली, लोकांच्या हातात चार पैसे आले, आणि प्रत्येकाने पहिलं काम केलं ते न आलेल्या पाहुण्यांची सोय. मी कॅलेंडरवर खुणा करून मोजलं: वर्षभरात त्या खोलीत माणूस झोपला नऊ रात्री. उरलेल्या ३५६ रात्री तिथे पापडाचे डबे झोपतात. गादीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. आलेला पाहुणाही त्या प्लॅस्टिकवरच करकर वाजत झोपतो आणि सकाळी "झोप छान लागली" म्हणतो.

हे मी चारचौघांत काढलं तेव्हा जी उत्तरं मिळाली, ती तुम्हीही ऐकली असतील.

"पाहुणा म्हणजे देव." कबूल. पण घरातल्या देवाला आपण केवढी जागा देतो? दीड फूट बाय एक फूट, फ्रिजच्या शेजारी. त्याला जोडून न्हाणीघर दिल्याचं मी अजून कुठे पाहिलेलं नाही.

"मुलांना वाटून घ्यायची सवय लागली पाहिजे." हे वाक्य म्हणणाऱ्याच्या हातात त्या वेळी टी.व्ही.चा रिमोट असतो, आणि तो कोणालाही देणार नसतो.

"भावंडं एका खोलीत वाढली की प्रेम राहतं." यावर मी एवढंच म्हणेन, की शिरूरच्या कोर्टात जाऊन बांधाच्या दाव्यांच्या तारखांना कोण कोण बसलेलं असतं ते बघा. ते सगळे भाऊ लहानपणी एकाच वाकळेत झोपलेले असतात.

आणि शेवटचं, कुजबुजत सांगितलेलं: "पोरगी काय, आज ना उद्या जाणारच. तिला वेगळी खोली कशाला?" ज्या पाहुण्यासाठी खोली राखून ठेवली आहे तो नऊ रात्रींनी जाणार आहे, आणि पोरगी निदान नऊ-दहा वर्षं तरी इथेच आहे. जाणाऱ्यालाच खोली द्यायची नसेल, तर पाहुण्याला आधी अंगणात काढा. मी हे मोठ्याने म्हणालो. तिघं उठून गेले. त्यातले दोघे आमचे पाहुणेच होते.

माझी खरी अडचण होती बहीण. खोली मुख्यतः तिच्याच नावाने राखलेली. ती आणि आमचे दाजी हडपसरला असतात, यात्रेला आणि दिवाळीला येतात, त्या नऊ रात्री त्यांच्याच. तिला फोन करायला मला दोन दिवस लागले. मी बराच वेळ पावसापाण्याचं बोललो. मग सांगितलं.

ती म्हणाली, "एवढंच ना? दे की तिला. मी कुठंही झोपेन रे. मला सवय आहे."

तिने हे अगदी सहज म्हटलं. मी फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी गादीवरचं प्लॅस्टिक फाडलं. पापडाचे डबे माळ्यावर गेले. मोठीने आत जाऊन पहिल्यांदा काय केलं असेल, तर दाराची कडी लावली. मग उघडली. मग पुन्हा लावली. आम्ही बाहेर उभे. धाकटा दारावर धडका देत होता, आणि आतून उत्तर येत नव्हतं. हिने त्याला उचलून नेलं.

आता राहिला हिचा बंक बेड. तो येणार होताच. मी वर अर्थ सांगितलाच आहे. फक्त जागा बदलली. ठरलं असं, की धाकटा त्याच्या खोलीत खालच्या पलंगावर झोपेल. यात्रेला बहीण भाचीच्या खोलीत, खिडकीकडच्या बाजूला. ती जागा मोठीने आधीच तिच्यासाठी धरून ठेवली आहे. आणि दाजी धाकट्याच्या वर.

दुकानाचा नाद सोडून मी गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी खोली मोजली, पंखा काढून भिंतीवर घ्यायला सांगितला, शिडीऐवजी रुंद पायऱ्या सुचवल्या आणि कानावरची पेन्सिल काढली.

"कठडा किती ठेवू, सर?"

"गादीच्या वर पाच इंच. दोन्ही बाजूंनी. सरकारी नियम आहे."

"वर कोण झोपनार?"

"आमचे दाजी."

मिस्त्रींनी मागच्या दिवाळीत दाजींना ओट्यावर बसलेलं पाहिलं होतं. त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

"सर, पाच इंचात तुमचे दाजी काय मावत न्हाईत."